माप कोरडे, मार ओला

जून ते सप्टेंबर या काळातल्या टपालात एकच तक्रार फिरून फिरून येत राहिली. भोसरी घ्या, तळवडे घ्या, चाकण घ्या. माणूस वेगळा, मशीन वेगळे, रडगाणे तेच. बोल्ट ॲक्शन रायफलीच्या सुट्या मॅगझिनची प्लास्टिक बॉडी, काचतंतू भरलेला नायलॉन, आणि लॉट परत. शेरा : ‘तोंडाशी माप जास्त.’ या अंकात प्लास्टिकच्या दाण्याच्या दरांवर लिहायचे ठरले होते, ते आता पुढच्या महिन्यात. हे प्रकरण आधी.

एका वाचकाने सगळा पत्रव्यवहारच पाठवला आहे. खरेदीदाराचे नाव त्यात आहे, ते आम्ही छापत नाही. नाव बदलले तरी गोष्ट बदलत नाही. रीतसर परवानगी घेऊन आणि करार करून काम करणारा हा मोल्डर. जुलैच्या सुरुवातीला माल निघाला तेव्हा मशीनपाशी गो-नोगो गेजला नगन्‌नग बसत होता. माल खरेदीदाराच्या स्टोअरमध्ये पोचला, खोकी उघडी पडून राहिली, आणि तपासणीचा मुहूर्त लागेपर्यंत नायलॉनने हवेतला पावसाळा पिऊन घेतला. माप वाढले. लॉट परत.

मोल्डर शहाणा. त्याने सगळे नग ८० अंशाला ओव्हनमध्ये वाळवले, थंड होताच पिशव्या सील केल्या आणि पुन्हा पाठवले. या वेळी पिशवी फोडल्या फोडल्या माप घेतले गेले. पास. लगेच त्याच नगांची आपटी-चाचणी झाली आणि तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या लिपच्या मुळाशी तडे गेले. शेरा : ‘मटेरियल ठिसूळ.’ तिसऱ्या खेपेला त्याने जुन्या कारागिरांची युक्ती केली. नग कोमट पाण्यात ठेवले, मुरू दिले, मग पाठवले. आपटून आपटून फुटेनात. मापात मात्र पुन्हा नापास.

आता यातला खरा नमुना. तपासणीच्या ज्या छापील फॉर्मवर हे तिन्ही निकाल लिहिले गेले, त्यात एक रकाना आहे : ‘फॉस्फेट कोटिंग, जाडी’. प्लास्टिकच्या नगासमोर या रकान्यात तपासणी करणाऱ्या साहेबांनी ‘नाही’ असे लिहून त्याला लाल गोल केला आहे. त्यामुळे तिन्ही वेळच्या कागदांवर ‘त्रुटी’ या शीर्षाखाली फॉस्फेटचीही नोंद आहे. मोल्डरने विचारले की प्लास्टिकला फॉस्फेट कसे करू. उत्तर आले की फॉर्म मंजूर नमुन्यातला आहे, तो बदलण्याचा अधिकार या कार्यालयाला नाही. मग त्याने दुसरा, फार महत्त्वाचा प्रश्न विचारला : माल कोरडा देऊ की ओलावा दिलेला? या प्रश्नाला तर उत्तरच आले नाही.

आमच्या मते सगळे दुखणे या दुसऱ्या प्रश्नात आहे. ३० टक्के काचतंतूचा नायलॉन ६६ साध्या हवेत मुरला की वजनाच्या दीड-दोन टक्के पाणी धरतो; बुडवून ठेवला तर पाच-सहा टक्क्यांपर्यंत जातो. कोरडा असताना त्याची ताण सोसण्याची ताकद १८० ते १९० मेगापास्कलच्या घरात. ओलावा घेतला की १२० ते १३० वर येते, पण मग तो मार सोसतो. मापाचे म्हणाल तर दर शेकडा दोन दशांश वाढ धरली तरी २५ मिलिमीटरवर पाच शतांश झाले. पाच शतांशात सगळा टॉलरन्स संपतो, कारण ड्रॉइंगवरचा टॉलरन्स पत्र्याचा आहे. शिवाय तंतू ज्या दिशेने वाहिले त्या दिशेला वाढ कमी आणि आडवी जास्त, म्हणून तोंड नुसते रुंद होत नाही, ते वाकडे होते. कुरकुरीत पापड डब्यात नीट बसतो पण बोटाने मोडतो, सादळलेला मोडत नाही पण कडेने वर येतो. दोन्ही गुण एकाच पापडात एकाच दिवशी मागितले तर पापडवाली हसेल. आपल्याकडे मात्र त्याची निविदा निघते.

यावर तोडगा नाही असेही नाही, आणि म्हणूनच चीड येते. नायलॉनचे नमुने चाचणीआधी ठरलेल्या ओलाव्याला कसे आणायचे यासाठी आयएसओ १११० हे प्रमाण आहे : ७० अंश तापमान, ६२ टक्के आर्द्रता, वजन स्थिर होईपर्यंत. चाचणीच्या खोलीतल्या हवेसाठी आपले स्वतःचे आयएस १९६ आहे : २७ अंश, ६५ टक्के. ड्रॉइंगच्या तळाशी एक ओळ हवी, की अमुक माप नग मोल्डिंगनंतर कोरडा असताना तपासावे, अमुक माप आणि आपटी-चाचणी तमुक प्रमाणानुसार ओलावा दिल्यावर. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आपल्या संघटनेच्या सभासदांना हे नवीन नाही. इनटेक मॅनिफोल्ड आणि रेडिएटरच्या टाक्या याच मटेरियलच्या बनतात आणि चाकणमधल्या कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या ड्रॉइंगवर अशी टीप असते. तिथल्या दर्जा विभागातल्या डिप्लोमावाल्या मुलांना जे कळते ते संरक्षण खात्याशी संबंधित खरेदीत का पोचत नाही, हे आम्हाला उलगडलेले नाही.

उत्तर बहुधा ड्रॉइंगच्या जन्मात आहे. आमच्या पाहण्यात आलेली अशी ड्रॉइंगे मुळात पत्र्याच्या मॅगझिनची आहेत. शीर्षकाच्या चौकटीत ‘सीआरसीए’ (म्हणजे पोलादी पत्रा) खोडून ‘ग्लास फिल्ड नायलॉन’ लिहिले, की झाले प्लास्टिकचे मॅगझिन. ‘बर काढून टाकावी’ ही टीप तशीच. तेलात बुडवून द्यावे ही टीप तशीच. एका ठिकाणी तर स्पॉट वेल्डची जागाही तशीच. पोलादाचा पत्रा एक मिलिमीटरच्या आत काम भागवतो; नायलॉनचा कडकपणा पोलादाच्या विसाव्या हिश्श्याइतकाही जेमतेम, ओलावा घेतल्यावर आणखी कमी. भिंत दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्यावीच लागते. रायफलीतली मॅगझिनची जागा तेवढीच राहिली तर ही जास्तीची जाडी कुठून येणार? आतल्या काडतुसांच्या जागेतून. मग राउंड घासतात, स्प्रिंग अडते, आणि दोष पुन्हा मोल्डरच्या माथी. प्लास्टिकचे मॅगझिन लावायचे तर रायफलच तशी आखावी लागते. जुन्या रायफलीला नवे मॅगझिन चिकटवण्याचा हा उद्योग नाही.

काही सभासद आम्हाला विचारतात, मग तुम्ही कोणत्या बाजूचे, पत्र्याचे की प्लास्टिकचे? उत्तर रायफल कुठे आणि कशी वापरणार यावर आहे, आणि याचा सर्वांत चांगला दाखला फिनलंडच्या एकाच कंपनीत सापडतो. साको कंपनी शिकाऱ्यांसाठी टिक्का टी-३एक्स बनवते, तिचे मॅगझिन प्लास्टिकचे. तीच कंपनी टीआरजी-४२ बनवते, जी आपल्या लष्कराने नियंत्रण रेषेवरच्या स्नायपरांना दिली आहे. तिचे मॅगझिन पोलादी. कारखानदाराकडे दोन्ही तंत्रे असताना त्याने दोन ठिकाणी दोन निवडी केल्या. ऑस्ट्रियाच्या श्टायर एसएसजी ६९ ला १९६९ पासून पाच राउंडचे, फिरत्या चकतीचे प्लास्टिक मॅगझिन आहे, मागची बाजू पारदर्शक. म्हणजे प्लास्टिक ही काल-परवाची टूम आहे असे समजणाऱ्यांनीही जरा थांबावे. ब्रिटनच्या ॲक्युरसी इंटरनॅशनलचे मॅगझिन पोलादी, आणि त्याच बैठकीत बसणारे अमेरिकेच्या मॅगपुलचे प्लास्टिकचे, दोन्ही खपतात.

आपल्याकडची परंपरा पत्र्याची. ‘थ्री नॉट थ्री’चे मॅगझिन सुटे असले तरी ते बदलायचे म्हणून नव्हतेच, ज्या त्या रायफलीला जुळवून दिलेले, आणि भरायचे ते वरून पाच-पाचच्या पट्टीने. ईशापूरच्या कारखान्याने साठच्या दशकात तीच जात ७.६२ मध्ये आणली तेव्हा मॅगझिन बारा राउंडचे, चौकोनी बुडाचे केले. पत्र्याचेच. या मॅगझिनची लिप वाकली तर पोलीस मुख्यालयातला आर्मरर पक्कड आणि गेज घेऊन ती सरळ करू शकतो. प्लास्टिकच्या लिपला ही सोय नाही. उलट पत्र्याची लिप किंचित वाकली तर ते डोळ्यांना दिसत नाही आणि नेमक्या वेळी राउंड अडकतो. मार लागला तर प्लास्टिक एकतर मूळ जागी परत येते नाहीतर तुटून सांगते. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर पत्र्याला गंज आवरत नाही, तिथे प्लास्टिक जिंकते. पहाऱ्यावरच्या रायफलीचे मॅगझिन महिनोन्‌महिने भरलेले राहते, तिथे स्प्रिंगच्या सततच्या दाबाखाली प्लास्टिकची लिप हळूहळू उघडते. मॅगपुलने आपल्या मॅगझिनला जे वरचे झाकण दिले ते धुळीबरोबरच या दाबासाठीही आहे : झाकण लावले की काडतुसांचा भार लिपवरून निघतो. आपल्याकडच्या ड्रॉइंगमध्ये झाकण काटकसरीत उडवलेले असते.

प्लास्टिकचे नाव काढले की कोणीतरी इन्सासचा विषय काढतोच. रायफल आपल्याच पाषाणच्या एआरडीईने विकसित केलेली, त्यामुळे पुण्यात या विषयावर मत नसलेला माणूस नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या थंडीत तिच्या प्लास्टिक मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या हे खरे. पण त्यावरून ‘प्लास्टिक वाईट’ एवढाच धडा घेतला गेला. उंचावरची हिवाळी हवा नुसती थंड नसते, कोरडीही असते. पुण्यात ओलावा मुरवून पास झालेले नायलॉन तिकडे महिनोन्‌महिने राहिले तर तो ओलावा सोडते आणि पुन्हा कोरड्या, ठिसूळ अवस्थेकडे सरकते. वर थंडीचा मार. म्हणजे आपटी-चाचणी तीन अवस्थांत हवी : ओली, कोरडी, आणि कोरडी करून गोठवलेली. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०१२ मध्ये अशाच एका प्लास्टिक मॅगझिनला बंदी केली आणि २०१६ मध्ये चाचण्या घेऊन त्याच घराण्याचे नवे मॅगझिन स्वीकारले. बंदी आणि स्वीकार या दोन्हींच्या मध्ये चाचणी होती. आपल्याकडे मध्ये फॉस्फेटचा रकाना आहे.

(जाता जाता : आमच्याकडे येणारे उत्साही सल्लागार हल्ली पॅरिसमधल्या स्वप्निल कुसाळेच्या कांस्यपदकाचा दाखला देऊन ‘रायफलीच्या सुट्या भागांना आता मागणी येणार’ असे सांगतात. ऑलिम्पिकमधल्या ५० मीटर स्पर्धेची रायफल एकेक राउंड हाताने भरायची असते. तिला मॅगझिन लागतच नाही. सल्ल्याचे पैसे देण्याआधी एकदा बालेवाडीला जाऊन बघून या.)

आता पैशाचे. प्लास्टिक स्वस्त पडते हे लाखांच्या आकड्यात खरे आहे. बोल्ट ॲक्शन रायफल ही लाखांनी बनणारी वस्तू नव्हे. समजा साच्याला बारा लाख लागले आणि ऑर्डर बाराशे नगांची आली, तर दाणा, वीज, मजुरी काही न धरता नगामागे हजार रुपये साच्याचेच झाले. ‘पुढे रिपीट ऑर्डर येईल’ हे वाक्य खरेदी अधिकारी तोंडी बोलतात, लिहून देत नाहीत. पत्र्याच्या कामात एवढ्या नगांसाठी साध्या डाय, ब्रेक प्रेस, वेल्डिंगचे फिक्श्चर आणि चांगला फिटर यांवर भागते. प्रोग्रेसिव्ह डायच्या नादी लागायची गरज नाही. म्हणून आमचे मत उघड सांगतो : पाच-दहा राउंडचे मॅगझिन, काही हजारांच्या आतली ऑर्डर आणि ड्रॉइंगवर ओलाव्याची टीप नाही, अशा परिस्थितीत बॉडी पोलादी धरून दर द्या, फॉलोअर आणि बॉटम प्लेट प्लास्टिकची ठेवा. फॉलोअर प्लास्टिकचा सरकतोही छान. ग्राहकाला प्लास्टिकच हवे असेल तर लिपच्या जागी पोलादी तुकडा आत घालून मोल्ड करण्याचा पर्याय द्या आणि त्याचा दर वेगळा लावा. आणि हे दोन्ही नको असेल तर काम सोडा.

सोडा म्हटले की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशीला संरक्षण उत्पादनांचे प्रदर्शन झाले, तेव्हापासून आपल्या अर्ध्या सभासदांच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘डिफेन्स’ हा शब्द चढला आहे. कार्डावर तो छापायला वेळ लागला नाही. हॉपरवर डिह्युमिडिफायिंग ड्रायर बसवायला मात्र अजून सवड मिळालेली नाही. साध्या गरम हवेच्या ड्रायरवर जुलैत नायलॉन ०.२ टक्क्याच्या खाली वाळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. रनर दळून त्याच दाण्यात मिसळला की तंतू तुटून आखूड होतात, हेही माहीत आहे. तरी रिग्राइंड मिसळला जातो आणि कोटेशनमध्ये ‘व्हर्जिन’ लिहिले जाते. दुपारी वीज पाच मिनिटे गेली की मशीनच्या बॅरलमधला माल करपतो. तो बाहेर काढून फेकायचा असतो, पुढच्या शॉटमध्ये काढायचा नसतो. वेल्ड लाइन नेमकी लिपच्या मुळाशी येईल अशी गेट कोणी ठेवली? ती साहेबांनी ठेवली नाही. ग्रॅमवर दर लावून मॅगझिन कोट करणारे महाभाग आपल्यातच आहेत. बादली आणि मग यांचा दर ग्रॅमवर निघतो. ज्या वस्तूवर बोल्ट पुढे नेताना राउंड नीट चढणे अवलंबून आहे, तिचा नाही.

आता एक गोष्ट, जी सगळ्यात आधी सांगायला हवी होती असे काहींना वाटेल. काही सभासदांकडे मॅगझिनची ड्रॉइंगे व्हॉट्सॲपवर येत आहेत. पाठवणारा ओळखीचा असतो किंवा ओळखीच्याच्या ओळखीचा. ‘नुसते सॅम्पल काढून दे, पन्नास नग, बिल नंतर बघू.’ मॅगझिन म्हणजे एक डबी, त्यात काय, असे समजून कोणी हे काम घेतले असेल तर आजच थांबा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये शस्त्रांच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही आहेत. शेती-घरकामापुरत्या वस्तू, लाठी, हातातली काठी आणि निव्वळ खेळण्यातली शस्त्रे एवढे वगळले आहे. मॅगझिन वगळलेले नाही. कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय ते बनवता, विकता, दुरुस्त करता किंवा तपासता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली या गुन्ह्याला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. सॅम्पल होते, प्लास्टिकचे होते, पैसे घेतले नव्हते, यांपैकी एकही उत्तर कोर्टात उपयोगाचे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीत महापालिकेचे बुलडोझर फिरले, कित्येकांची मशिने उघड्यावर आली, आणि अशा वेळी येईल ते काम घ्यावेसे वाटते हे आम्ही समजू शकतो. हे काम मात्र घेऊ नका.

कायद्यातल्या शस्त्रांच्या त्याच व्याख्येत शस्त्रे बनवण्याची यंत्रसामग्रीही आहे. मग मॅगझिनचा साचा कशात मोडतो? परवानाधारकाने मागवलेला साचा भोसरीतल्या टूलरूमने बनवला, तर टूलरूमला परवाना हवा की नको? साचा दुरुस्तीला बाहेर पाठवताना चलनावर काय लिहायचे? ऑर्डर संपल्यावर तो भंगारात द्यायचा की साक्षीदारांसमोर कापायचा? वेगवेगळ्या टेबलांवरून सभासदांना वेगवेगळी तोंडी उत्तरे मिळाली आहेत, लेखी एकही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राने शस्त्रनिर्मितीच्या परवान्याचे नियम सैल केले. आधी दर बंदुकीमागे पाचशे रुपये शुल्क होते, ते पाच हजार ते पन्नास हजार रुपयांच्या टप्प्यांत आले, परवान्याची मुदतही वाढली. मोठ्यांची सोय झाली. त्यांच्यासाठी भाग, साचे आणि गेज बनवणाऱ्या तिसऱ्या फळीच्या माणसाने कुठल्या कागदाखाली उभे राहायचे, याबद्दल मात्र त्याला कोणी एक ओळ लिहून देत नाही. खरेदीदार म्हणतो, आमचा परवाना आहे ना. त्याचा असेल. लेखी अधिकारपत्र, त्यात तुमच्या युनिटचा पत्ता, नगांची संख्या, रिजेक्ट नगांची विल्हेवाट आणि साच्याचा उल्लेख, एवढे हातात पडल्याशिवाय साच्याचे पोलाद कापू नका. ॲडव्हान्स आला असला तरी.

तर वाचकांना विनंती अशी. या पावसाळ्यात ज्यांचे नायलॉनचे नग मापावरून किंवा आपटी-चाचणीवरून परत आले, त्यांनी आम्हाला पुढील नोंदी पाठवाव्यात : माल निघाल्याची तारीख, तपासणीची तारीख, माल निघताना सीलबंद होता की उघडा, दाण्याचा ग्रेड, ड्रायरचा प्रकार, रिग्राइंडचे खरे प्रमाण (खरे), आणि परतीचा शेरा जसाच्या तसा. वजनाची नोंद असेल तर सोन्याहून पिवळे. परत आलेला नग वजन करून, ८० अंशाला वाळवून पुन्हा वजन केले तर त्याने किती पाणी घेतले ते कळते, आणि हे काम कोणाच्याही शेडमध्ये होते. दिवाळीपूर्वी नोंदी आल्या तर त्या एकत्र मांडून, सोबत ओलाव्याच्या टिपेचा मसुदा आणि साच्याबद्दलचे प्रश्न जोडून, आम्ही ते संबंधित खरेदी व दर्जा कार्यालयांना लेखी देऊ आणि पोच घेऊ. पोच आणि उत्तर, आले तर, याच पानावर छापू. फॉस्फेटच्या रकान्याची प्रतही सोबत जाईल.

नाव न लिहिता पाठवले तरी चालेल. ड्रॉइंगची प्रत किंवा फोटो मात्र पाठवू नका. ती तुमच्या करारात गोपनीय आहेत, आणि आली तर आम्ही ती न उघडता परत करू.